जर्मनच्या पत्र्याला चकाकी: जुनी ट्रेलर गाडी घरी पॉलिश करायची तर

आमच्याकडं ॲल्युमिनियमला ॲल्युमिनियम कुणी म्हणत नाही, जर्मन म्हणतात. जर्मनचं पातेलं, जर्मनची परात, जर्मनचा डबा. त्यामुळं मी ती जुनी बारा फुटी ट्रेलर गाडी, म्हणजे मागं ओढत न्यायची चाकांवरची खोलीच, भंगारातून उचलून जीपमागं ओढत अंबाजोगाईला आणली तेव्हा गल्लीतल्या एका आजोबांनी तिच्याभोवती दोन चकरा मारल्या आणि विचारलं, "एवढं मोठं जर्मनचं पातेलं कामून आणलंस रं?" माझ्याकडं उत्तर नव्हतं. पत्रा सगळा करडा पडलेला, गंजलेले स्क्रू, एका बाजूला कुणीतरी भिंतीला चुना मारताना उडालेले पांढरे शिंतोडे, आणि वरचं कसलंतरी जुनं वार्निश पापुद्रे धरून सुटायलेलं.

आता ती शेतात आंब्याखाली उभी असते आणि रस्त्यानं जाणारा माणूस थांबून तिच्यात बघून केस नीट करतो, म्हणून लोकं फोन करून विचारायलेत. पहिला प्रश्न ठरलेला, "कोणतं लिक्विड लावलं?" लिक्विड सगळ्यात शेवटचा भाग आहे भाऊ. मी पहिली बाजू लिक्विडच्या भरवशावर केली आणि दोनदा करावी लागली, दुसरी बाजू धुण्यात आणि तयारीत चार दिवस घालवून केली ती एका दमात झाली. म्हणून खाली जे लिहितोय त्यात अर्ध्याच्या वर पॉलिशच्या आधीचंच आहे, कंटाळा आला तरी तेवढं वाचा.

आधी एक गोष्ट डोक्यात बसवा. पॉलिश म्हणजे वरून काही लावणं नाही, पॉलिश म्हणजे पत्रा खरवडणं, फक्त इतकं बारीक की डोळ्याला ओरखडा दिसत नाही. पुसताना फडक्यावर जे काळं येतं ते निव्वळ मळ नसतं, बऱ्यापैकी तुमचा पत्राच असतो. दर वेळी थोडा जातो, परत येत नाही. त्यामुळं कमीत कमी घासून जेवढं निघेल तेवढंच काढायचं आणि खोल ओरखडा, पोचा दिसला तर सोडून द्यायचा. जुनी गाडी आहे, पोचे असणारच.

पत्रा कोणता आहे ते बघा

या चकचकीत गाड्यांचं मूळ अमेरिकेतलं. १९३४ मध्ये हॉली बोलस नावाच्या ग्लायडर बनवणाऱ्या माणसानं विमानासारखी रिव्हेट (दोन पत्रे जोडणारे, दोन्ही टोकांना डोकं असलेले खिळे) मारलेली ॲल्युमिनियमची ट्रेलर काढली, आणि १९३६ मध्ये वॉली बायमच्या एअरस्ट्रीम कंपनीची क्लिपर आली, ती तर आजही सगळे फोटोत बघतात तीच गोळीच्या आकाराची. १९६९ मध्ये चंद्रावरून आलेल्या अपोलो ११ च्या तिघांना ज्या डब्यात क्वारंटाइन ठेवलं होतं तो पण एअरस्ट्रीमचीच ट्रेलर बदलून केलेला होता. हे सांगायचं कारण असं की त्या गाड्यांना विमानाचा पत्रा वापरलाय, अल्क्लॅड. आत तांबं मिसळलेला कडक मिश्रधातू, जो ताकदीला चांगला पण लवकर खराब होणारा, आणि त्याच्या दोन्ही बाजूंना शुद्ध ॲल्युमिनियमची पातळ साय. सायच म्हणतो मी तिला. ०.८ मिलिमीटरच्या पत्र्यावर ती साय दर बाजूला साधारण ५ टक्के, म्हणजे ०.०४ मिलिमीटर. चमकते ती हीच. कुणी उत्साहात वॉटर पेपर मारून ही साय फोडली की तिथं करडा डाग उघडा पडतो, तो कशानंही चमकत नाही आणि गंजायला पण तिथूनच सुरुवात होते.

माझी गाडी काही एअरस्ट्रीम नाही, कुणीतरी आपल्याकडंच बांधलेली आहे, पत्रा कोणता ते बघून कळत नाही. तुम्हालाही कळणार नाही. अशा वेळी साय आहे असंच धरून चालायचं, म्हणजे पॉलिश पेपर शक्यतो हातातच घ्यायचा नाही.

दुसरी तपासणी, पत्र्यावर लॅकर, म्हणजे वार्निशसारखा पारदर्शक थर, आहे का. एअरस्ट्रीमवाल्यांनी पण १९६० च्या दशकाच्या मध्यापासून कारखान्यातच पारदर्शक कोट मारायला सुरुवात केली होती आणि आपल्याकडच्या गाड्यांवर तर कुणी कधी काय मारलंय सांगता येत नाही. सोपी युक्ती आहे, कोपऱ्यात थोडं मेटल पॉलिश फडक्यावर घेऊन घासा, फडकं लगेच काळं झालं तर पत्रा उघडा आहे, काळं होईना तर मधे कोट आहे. मल्टिमीटर असेल तर अजून सोपं, बीपवर ठेवून दोन टोकं हलकेच टेकवा, उघडा पत्रा बीप देतो, कोट असला की गप्प. खिडक्यांच्या फ्रेमी आणि बीडिंग बहुतेक वेळा ॲनोडाइज्ड असतात, म्हणजे त्यांच्यावर कारखान्यातच ऑक्साइडचा कडक थर चढवलेला असतो, तिथंही बीप येत नाही. ॲनोडाइज्ड भाग आहे तसा धुवून सोडून द्यायचा, त्याच्या नादी लागू नका, मी एक फ्रेम घासत बसलो आणि तिचं अर्धं अंग चमकलं, अर्धं दुधाळ राहिलं, ती आजही तशीच आहे.

रिव्हेट आणि स्क्रू

आमच्या शेजारी एक मामा राहतात, चिकलठाण्याच्या एसटी वर्कशॉपात पत्र्याचं काम करून रिटायर झालेले. त्यांनी गाडी बघितल्या बघितल्या पॉलिशचं नाव काढू दिलं नाही. म्हणाले, "आधी रिव्हेट बघ. ज्या रिव्हेटच्या खालून काळा ओघळ आलाय तो ढिला हाय, हलायलाय आतल्या आत." बरोबर होतं, दोन भाग एकमेकांवर घासत राहिले की त्याची काळी पूड बाहेर येते आणि पावसानं ओघळते. असे माझ्याकडं एकोणीस निघाले. ते ड्रिल करून काढले, नवे मारले, सांधे आतून सीलंटनं भरले, मगच पाणी मारलं. आधी धुतलं असतं तर सगळं पाणी आतल्या प्लायवूडमधी.

लोखंडी स्क्रू जिथं जिथं आहेत तिथं भोवती पांढरी भुकटी दिसेल. लोखंड आणि ॲल्युमिनियम एकमेकांना टेकून ओले झाले की ॲल्युमिनियम खाल्लं जातं. ते स्क्रू काढून स्टेनलेसचे घाला, खाली रबरी नाहीतर नायलॉनचा वॉशर. स्टेनलेस पण टेकल्यावर थोडं खातंच, म्हणून वॉशर विसरू नका.

आणि अजून एक मामांचं, पत्र्यावर खुणा करायला शिसपेन्सिल वापरायची नाही. पेन्सिलीतलं ग्राफाइट पण तोच उद्योग करतं, ओल मिळाली की रेघेच्या जागी पत्रा खातं. विमानाच्या कामात यावर सक्त बंदी असते. मी स्केच पेननं खुणा केल्या, स्पिरिटनं पुसल्या जातात.

धुणं

इथं बहुतेक लोक गडबड करतात कारण घरात जे हाताला लागतं ते वापरतात. कपड्याची पावडर नको, त्यात धुण्याचा सोडा असतो. कॉस्टिक सोडा तर चुकूनही नको, ॲल्युमिनियमवर पडला की फसफसून हायड्रोजन निघतो आणि पत्रा काळा पडून खरबरीत होतो. भांड्याला चिंच लिंबू चालतं, इथं नको, पितळेचं शास्त्र वेगळं. ट्रकवाले ज्या ॲसिडनं टाकी उजळवून घेतात तेही नको, त्यातल्या काहींत हायड्रोफ्लोरिक ॲसिड असतं, ते कातडीतून आत जाऊन हाडापर्यंत त्रास देतं आणि पत्र्याला पांढरट झाक देतं ती वेगळीच. लोखंडी घासणी, तारेचा ब्रश, काथ्या, राख, यातलं काहीही नाही. लोखंडी घासणीचे बारीक कण पत्र्यात रुततात आणि नंतर तांबूस ठिपके बनून वर येतात.

चालतं काय, तर गाडी धुवायचा शाम्पू किंवा भांड्याचं साधं लिक्विड, पातळ करून. मी एक बाजू रिठ्याच्या पाण्यानं धुतली, आईनं पैठणीसाठी ठेवलेले रिठे होते, भिजवून उकळून गाळून घेतले. चांगलं झालं, पण बारा फुटाच्या गाडीला रिठे किती लागतात ते आईला विचारा, अजून बोलते.

पाणी हा आपल्याकडं मोठा विषय. आपण त्या भागातली माणसं जिथं २०१६ ला लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आलं, तर प्रेशर वॉशर लावून हजार लिटर उडवणं मला जमलं नाही. पाठीवरचा फवारणीचा पंप घ्या, सोळा लिटरचा. बारीक फवारा, पाहिजे तिथं, दीडशे लिटरमधी पूर्ण गाडी धुऊन निघाली माझी. फक्त तो पंप नवा पाहिजे, तणनाशक मारलेला पंप कितीही धुतला तरी मी त्यावर विश्वास ठेवणार नाही.

वरून खाली धुवायचं. आपल्या काळ्या मातीची धूळ मऊ वाटते पण त्यात बारीक खडा असतो, तो फडक्यात अडकला की सरळ रेघ. म्हणून आधी नुसत्या फवाऱ्यानं धूळ वाहू द्या, मग स्पंज, आणि स्पंज दर दोन हात मारले की बादलीत पिळा. दोन बादल्या ठेवा, एक साबणाची आणि एक पिळायची. शेवटचं पाणी बोअरचं नको. आपलं बोअरचं पाणी इतकं जड आहे की उन्हात वाळलं की क्षाराचे गोल डाग पडतात आणि ते डाग घालवायला परत घासावं लागतं, शेवटी एक आरओचा वीस लिटरचा जार फवारला आणि लगेच जुन्या मऊ धोतरानं टिपून घेतलं, पुसलं नाही, टिपलं.

चुन्याचे शिंतोडे मात्र धुऊन जात नाहीत. चुना पण अल्कली आहे, ओला असतानाच त्यानं पत्रा खाल्लेला असतो. लाकडी पट्टीनं नाहीतर जुन्या एटीएम कार्डानं वरचं खरवडून काढा, खाली जो खडबडीत डाग राहील तो राहिला. थोडाफार पॉलिशमधी फिका होतो.

जुना कोट काढणं

हार्डवेअरच्या दुकानात पेंट रिमूव्हर मागा, जेलीसारखा असतो. नाकाला लई लागतो, उघड्यावर सावलीत काम करा, रबरी हातमोजे जाड घ्या, स्वयंपाकघरातले पातळ विरघळतात हे मी बघितलंय. लहान लेकरं, कोंबड्या, म्हशी लांब ठेवा. एका वेळी एकच पत्रा, ब्रशनं जाड थर द्यायचा एकाच दिशेनं आणि परत परत फिरवायचं नाही, वर पातळ प्लास्टिक अंथरायचं म्हणजे सुकत नाही. दहा पंधरा मिनिटात कोट सुरकुततो, भाजलेल्या पापडासारखा वर येतो. लाकडी किंवा प्लास्टिकच्या पट्टीनं सोलून काढा, धातूची पट्टी नको. रिव्हेटच्या भोवती जुना दातांचा ब्रश. खिडक्यांचं रबर, लाइटच्या काचा, सांध्यातलं सीलंट हे सगळं आधीच मास्किंग टेपनं दोन पदरी झाकलेलं पाहिजे, रिमूव्हर रबराला सोडत नाही.

सगळं निघाल्यावर पाण्यानं धुवा, वाळू द्या, आणि परत मल्टिमीटर फिरवा. कुठं बीप आला नाही तर तिथं अजून कोट आहे. माझी पहिली बाजू इथंच फसली, डोळ्याला साफ दिसली म्हणून मशीन लावलं आणि चमक पट्ट्यापट्ट्यांनी आली, जणू झेब्रा.

सामान

मशीन रोटरी पॉलिशर घ्या, सात इंची, स्पीड कमी जास्त होणारा. घरात चार इंची ग्राइंडर आहे त्यालाच पॅड लावतो म्हणणारे दहातले आठ जण असतात. तो मिनिटाला दहा अकरा हजार फेरे मारतो, पॉलिशिंगला दीड ते दोन हजार पुरेत. ग्राइंडरनं पातळ पत्रा क्षणात तापतो आणि फुगतो, एकदा फुगलेला पत्रा परत सरळ बसत नाही, हाताने दाबला की टप टप वाजतो डबड्यासारखा.

पॅड लोकरीचे, किमान चार, कारण प्रत्येक पॉलिशचा पॅड वेगळा ठेवायचा, मिसळायचा नाही. कापड सुती, होजिअरी, म्हणजे जुने बनियन, जुनी गोधडी उसवून निघालेले तुकडे सगळ्यात भारी. पॉलिस्टरची साडी मऊ वाटते पण ओरखडे देते. बटनं, हूक, चेन आधी कापून टाका. गॅरेजचं वेस्ट कापड घेऊ नका, त्यात कुठंतरी वेल्डिंगची कणी निघतेच.

पॉलिशमधी अमेरिकेतले लोक नुवाइट कंपनीच्या एफ ७, सी आणि एस अशा ग्रेड वापरतात, एफ ७ जास्त कापतो म्हणजे जास्त खरवडतो, सी मधला, एस शेवटचा. इकडं मागवायचं तर महाग पडतं. मी ॲल्युमिनियमला चालतं असं लिहिलेलं कापणारं कंपाउंड वाळूजच्या बफिंगवाल्याकडून घेतलं आणि शेवटच्या हाताला ऑटोसोल या मेटल पॉलिशची ट्यूब. वाळूजला, चिकलठाण्याला ही बफिंगची छोटी वर्कशॉपं आहेत, तिथं जाऊन उभं राहा, माणसं सांगतात. लस्टर म्हणजे साबणासारख्या वड्या मिळतात, त्यातला हिरवा लस्टर स्टीलसाठी असतो, ॲल्युमिनियमला तो पहिल्या कामाला घेऊ नका, तपकिरी कापायला, पांढरा मऊ करायला. दुकानदाराला "स्टीलचा नको, ॲल्युमिनियमचा" असं स्पष्ट म्हणा.

आणि मैदा, दोन किलो. सांगतो पुढं.

तोंडाला एन ९५, डोळ्याला गॉगल, कानात बोळे. गळ्यात गमछा, उपरणं, ओढणी, पदर काहीही नको, मशीननं एकदा ओढलं की सोडायला वेळ मिळत नाही. वायर खांद्यावरून मागं घ्यायची, म्हणजे पॅडखाली येत नाही.

वेळ कधीची

दिवाळी ते होळी. बस. मे महिन्यात आमच्याकडं बेचाळीस डिग्री असते आणि उन्हातला पत्रा हात लावू देत नाही, पॉलिश लावल्या लावल्या सुकून दगड होतं. पावसाळ्यात चिखल आणि दमट. हिवाळ्यातही सकाळी साडेसहा ते दहा आणि सावलीत, वर ताडपत्री बांधून. सावलीचं दुसरं कारण डोळे. अर्धी चमकलेली बाजू उन्हात आली की तिची तिरीप डोळ्यात घुसते, मी एक दिवस तसाच काम करत बसलो आणि संध्याकाळपर्यंत डोळ्यापुढं जांभळे ठिपके. लाइट जाण्याची वेळ बघून ठेवा, मशीन फिरता फिरता बंद पडलं की पॉलिश तिथंच वाळतं. व्होल्टेज कमी असेल तर मशीन तापतं, त्या दिवशी हातानं कोपरे करा.

आता मशीन

आधी चाचणी. मागच्या बाजूला, नंबर प्लेटच्या खाली, कुणाचं लक्ष जाणार नाही अशी दीड फूट बाय दीड फूट जागा. तिथं सगळ्या पायऱ्या शेवटपर्यंत करून बघा आणि ठरवा एवढं पुरे का. हे न करता समोरून सुरुवात करणाऱ्याच्या चुका सगळ्यांना दिसतात.

कंपाउंडचे वाटाण्याएवढे सहा सात ठिपके बोटानं पत्र्यावर ठेवा. मशीन बंद असतानाच पॅड पत्र्याला टेकवा, मग सगळ्यात कमी स्पीडवर चालू करा, नाहीतर अर्धं पॉलिश तुमच्या शर्टावर. आधी पसरवून घ्या, मग स्पीड वाढवून दीड हजारापर्यंत. आडवे हात मारा, प्रत्येक हात आधीच्या अर्ध्यावर चढला पाहिजे, मग तेवढ्याच जागेत उभे हात. दाबायचं नाही. मशीनचं वजन पुरेसं असतं, उभ्या बाजूला हलका हात, बस. नवखा माणूस दाबतो, मीही दाबायचो, दाबलं की लवकर होतं असं वाटतं आणि होतं फक्त गरम.

पहिल्यांदा सगळं काळं काळं होईल आणि तुम्हाला वाटेल वाटोळं केलं. थांबू नका. काळं आधी दाट, मग पातळ, मग पॉलिश सुकत जातं आणि त्या शेवटच्या अर्ध्या मिनिटात पत्रा उघडतो, आतून उजेड आल्यासारखा. ओलं असताना उचललं तर धूसर राहतं, पार कोरडं होऊनही फिरवत राहिलं तर ओरखडे. मधला क्षण पकडायचा, तो लिहून समजत नाही, चौथ्या पाचव्या चौकोनाला हाताला कळतं. दर मिनिटाला पत्र्याला उलटा हात लावा. चटका बसला की थांबा, दुसऱ्या जागी जा.

कडा आणि रिव्हेट इथंच पॅड अडकतो. पत्र्याच्या कडेला पॅड नेहमी आतून बाहेर निसटेल असा धरायचा, बाहेरून कडेवर चढवायचा नाही, नाहीतर कड पॅड पकडते आणि मशीन हातातून उडतं. रिव्हेटच्या रांगेवरून पॅड भरकन घासला तर डोकी घासली जातात आणि भोवती काळी चंद्रकोर राहते, तिथं हळू, किंवा सरळ हातानं. पॅड काळा होऊन घट्ट झाला की मऊ प्लास्टिकच्या ब्रशनं फिरत्या पॅडला साफ करा, दर दोन चौकोनांनी. घाण पॅड कापत नाही, फक्त काळं इकडून तिकडं नेतो.

आणि आता मैदा. एक चौकोन झाला की त्यावर काळसर तेलकट झाक राहते, साध्या फडक्यानं ती नुसती पसरते. सुक्या फडक्यावर मूठभर मैदा घ्या आणि गोल गोल पुसा, मैदा तेल आणि काळं दोन्ही ओढून घेतो आणि खाली खरी चमक दिसते. मी आधी घरात होतं म्हणून ज्वारीचं पीठ वापरलं, ते भरड, त्यातल्या कोंड्यानं बारीक रेघा आल्या. आई म्हणाली भाकरीचं पीठ भिंतीला फासायलास, आणि ते एका अर्थी बरोबरच होतं. मैदा नसेल तर कॉर्नफ्लोअर. दिवस संपला की सांध्यात अडकलेलं पॉलिश टर्पेंटाइनमधी भिजवलेल्या दातांच्या ब्रशनं काढा, दुसऱ्या दिवशीपर्यंत राहिलं तर ते पांढरं होऊन सिमेंटसारखं बसतं.

किती वेळ लागतो

हिशोब करून बघा. बारा फुटी गाडी, सहा फूट उंच, दोन बाजू मिळून १४४ चौरस फूट, पुढचं मागचं ७२, खिडक्या दारं वजा करून १९० धरा. दीड फुटाचा चौकोन म्हणजे सव्वादोन चौरस फूट, असे ८५ चौकोन. कापायच्या हाताला एकेक पंधरा मिनिटं, म्हणजे एकवीस तास, आणि असे हात किमान दोन, शेवटचा वेगळा. मी आणि पुतण्या मिळून सकाळी सकाळी करत साठ तासाच्या आसपास गेलो, धुणं आणि कोट काढणं सोडून. दोन दिवसात होतं म्हणणाऱ्यानं एकतर केलेलं नाही किंवा नुसता मेण फासलाय.

छत मी केलंच नाही. कुणाला दिसत नाही, आणि चमकणारा धातू ऊन परत फेकतो तरी जेवढं शोषतो ती उष्णता लवकर सोडत नाही, उलट पांढरा रंग चांगली सोडतो. आपल्या उन्हाळ्यात छताला पांढरा रूफ कोट मारलेला बरा, हात लावून फरक कळतो.

शेवटचा हात

मशीननं चमक येते पण तिरप्या उजेडात बघा, गोल गोल जाळी दिसेल, कोळ्याच्या जाळ्यासारखी. मोबाईलचा टॉर्च तिरका धरा, लपत नाही. ही रोटरीच्या पॅडची असते आणि ती घालवायला गोल न फिरता हलत फिरणारं मशीन लागतं, ड्युअल ॲक्शनचं, अमेरिकेत यासाठी दोन डोक्यांचं सायक्लो मशीन प्रसिद्ध आहे. माझ्याकडं नव्हतं. मी शेवटची ट्यूब अगदी थोडी घेऊन मऊ गोधडीच्या तुकड्यानं हातानं, फक्त सरळ आडवे हात मारत केलं, जाळी पूर्ण गेली नाही पण सरळ रेघा डोळ्याला खुपत नाहीत. पुतण्याला मिरर फिनिशच पाहिजे होता, त्यानं एक दार तीन दिवस घासलं. दार खरंच आरशासारखं झालं, आणि त्या एका दारामुळं आता बाकी गाडी मळकट दिसते. ठरवताना हे लक्षात ठेवा, जेवढं सगळीकडं जमेल तेवढंच एका ठिकाणी करा.

नंतर

उघडं ॲल्युमिनियम हवेत लगेच ऑक्साइडचा पातळ थर धरतं, तो दिसत नाही आणि खरं तर तोच पत्र्याला वाचवतो, पण पाऊस धूळ खात खात तो जाड आणि धूसर होत जातो. परत लॅकर मारावं का असं सगळे विचारतात. मी मारलं नाही. लॅकर कधीतरी सुटणारच आणि मग परत तो रिमूव्हर, तो वास. मी वर्षातून दोनदा कारचं पेस्ट वॅक्स हातानं लावतो आणि दिवाळीच्या आधी फक्त शेवटचं पॉलिश फिरवतो, कंपाउंड परत काढायची वेळ आली नाही अजून. पाखरांची घाण त्याच दिवशी ओल्या फडक्यानं काढायची. आंब्याखाली उभी केली ही माझीच चूक, मोहोराचा चिकटा पडतो फेब्रुवारीत, पुढच्या वर्षी जागा बदलणार आहे.

काम करून झाल्यावर ती टर्पेंटाइनची, पॉलिशची फडकी कोपऱ्यात गोळा करून ठेवू नका, उकिरड्यावर पण नको, एका ठिणगीत पेट घेतात. झाकणाच्या पत्र्याच्या डब्यात पाणी घालून त्यात बुडवून ठेवा, आणि डब्यावर काय आहे ते लिहा. हाताची नखं आठ दिवस काळी राहतात, गोडं तेल आणि साखर चोळून बरीच निघतात, लग्नाचं आमंत्रण असेल तर तारीख बघून काम काढा.